पेटी, मासळी आणि ओळख : ‘डॅनियल डेरोंडा’चे एक मराठी वाचन

१

जॉर्ज एलियट यांची ‘डॅनियल डेरोंडा’ ही कादंबरी १८७६ मध्ये आठ भागांत प्रकाशित झाली. ही त्यांची अखेरची पूर्ण कादंबरी होय. तिच्याविषयी इंग्रजी समीक्षेत जे लिहिले गेले त्यातील बराचसा भाग एका तक्रारीचा आहे. या कादंबरीची दोन शकले आहेत, एक ग्वेंडोलेन हार्लेथची आणि दुसरे डेरोंडाची. पहिले जिवंत आणि दुसरे निर्जीव, अशी ही तक्रार. एफ. आर. लीव्हिस यांनी १९४८ मध्ये तर ज्यू भाग कापून टाकावा आणि उरलेल्या चांगल्या कादंबरीस ‘ग्वेंडोलेन हार्लेथ’ असे नाव द्यावे, येथपर्यंत मजल मारली. पुढे त्यांनीही या मताला मुरड घातली; तथापि मूळ तक्रार टिकून राहिली.

मराठी वाचकाने ही तक्रार आहे तशी स्वीकारण्याचे कारण नाही. ज्या प्रदेशात ज्यू म्हणजे दूरच्या युरोपातील कोणी परका नसून अलिबाग, पेण, मुरूड या परिसरातला मराठी बोलणारा शेजारी होता, त्या प्रदेशाच्या भाषेतून ही कादंबरी वाचली असता तिच्यातील ‘निर्जीव’ भाग निराळ्या प्रकाशात दिसू लागतो. प्रस्तुत लेखात असे एक वाचन करून पाहावयाचे आहे. ‘तू कोण आहेस’ या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार कोणाचा, रक्ताचा, ग्रंथाचा, परक्या परीक्षकाचा की रोजच्या आचाराचा, हा या वाचनाचा मुख्य प्रश्न आहे. तो केवळ वाङ्मयीन नाही, हे लेखाच्या शेवटी स्पष्ट व्हावे.

ही कादंबरी दुसऱ्यांदा वाचण्याचा योग प्रस्तुत लेखकास नागझिऱ्याच्या अरण्यालगतच्या एका मुक्कामात आला. पूर्व विदर्भातील या भागात ‘तेली’ हा शब्द रोजच्या व्यवहारातला आहे. घाणा थांबला तरी जातीचे नाव थांबलेले नाही. अशा ठिकाणी बसून ‘शनवार तेली’ हे कोकणातील जुने नाव आठवले, आणि डेरोंडाच्या कहाणीशी त्याची जोड लागली. व्यवसायावरून पडलेल्या नावामागे केवळ एक वार जोडलेला, आणि त्या एका वारात एका समाजाचा सारा इतिहास साठवलेला. पुढील विवेचनाचा आरंभ येथून झाला.

२

कथानकाची रूपरेषा थोडक्यात अशी. सर ह्यूगो मॅलिंजर या इंग्रज उमरावाच्या घरी वाढलेला डॅनियल आपणास त्यांचा अनौरस पुत्र समजतो. हा संशय त्याच्या मनात कसा शिरतो, ते एलियट यांनी फार मार्मिकपणे दाखविले आहे. तेरा वर्षांचा मुलगा इटलीचा इतिहास वाचीत असता आपल्या शिक्षकास विचारतो, की पोप आणि कार्डिनल यांना इतके पुतणे-भाचे कसे? स्वतःच्या मुलांनाच ते तसे म्हणवीत, हे उत्तर मिळताच मुलाच्या डोक्यात वीज चमकते. कारण तोही सर ह्यूगोंचा ‘पुतण्या’ म्हणूनच वाढत असतो. ग्रंथातील एका वाक्याने स्वतःच्या जन्माविषयीचा प्रश्न उभा राहतो. मात्र त्या प्रश्नाचे मनात धरलेले उत्तर चुकीचे असते.

पुढे थेम्स नदीत जीव द्यावयास निघालेल्या मिरा या ज्यू मुलीला तो वाचवितो. तिच्या आप्तांचा शोध घेताना त्याची क्षयाने खंगलेल्या मोर्देकायशी गाठ पडते. आपल्या स्वप्नाचा वारस तूच, असे हा द्रष्टा विद्वान डेरोंडास सांगतो, आणि तू ज्यूच असला पाहिजेस असा आग्रह धरतो. डेरोंडा त्याच्यापाशी हिब्रू शिकू लागतो. त्यानंतर जिनोआ येथे त्याची आई, एके काळची विख्यात गायिका अल्कारिसी, त्यास भेटते आणि त्याचे जन्मरहस्य उघड करते. तिने तो दोन वर्षांचा असताना त्यास सर ह्यूगोंच्या स्वाधीन केलेले असते, ज्यू म्हणून जगण्याच्या जाचातून त्याची सुटका व्हावी म्हणून. आजोबांचे कागद असलेली पेटी माइन्झ येथे त्यांचे मित्र कालोनिमोस यांच्यापाशी असते. ती पेटी डेरोंडाच्या हाती येते. मिराशी विवाह करून तो पूर्वेकडे जावयास निघतो आणि कादंबरी संपते.

या कथानकातील एक अडचण इंग्रजी समीक्षकांनी बरीच चघळली आहे. डेरोंडा ज्यू मातापित्यांचा पुत्र असेल आणि दोन वर्षांपर्यंत त्यांच्यात वाढला असेल तर त्याची सुंता झालेली असणार. मग स्वतःच्या देहावरची खूण त्याला इतकी वर्षे कशी कळली नाही? स्टीव्हन मार्कस यांनी हा प्रश्न उपस्थित केला, आणि सिंथिया चेज यांनी १९७८ मध्ये त्यावरून एक संपूर्ण सिद्धान्त मांडला : या कादंबरीत कार्य आधी आणि कारण मागाहून येते; डेरोंडा ज्यू ठरावा ही कथेची गरज आधी निर्माण होते आणि त्याचा जन्म त्या गरजेपोटी घडविला जातो.

मराठी वाचकाला या ठिकाणी कर्ण आठवल्यावाचून राहत नाही. कर्णाची कवचकुंडले साऱ्या जगाला दिसतात. तरीही त्यांचा अर्थ लावला जात नाही आणि तो सूतपुत्रच राहतो. देहावरची खूण स्वतः बोलत नाही, ती वाचणारा कोणी लागतो. मात्र आईच्या भेटीनंतर दोन्ही कथांच्या वाटा फुटतात. गंगेच्या काठी कुंतीने जन्मरहस्य सांगूनही कर्ण राधेचाच पुत्र राहतो. ज्यांनी वाढविले त्यांचे ऋण तो रक्तापेक्षा मोठे मानतो. डेरोंडा मात्र रक्ताकडे जातो. कर्णाची निवड त्याचा घात करते आणि डेरोंडाची निवड त्याला ध्येय देते. या दोहोंतील अंतर केवळ व्यक्तिस्वभावाचे नाही. महाभारतात जन्मसत्य माणसाला बांधू शकत नाही, तर एलियट यांच्या कादंबरीत ते माणसाला मुक्त करते. रवींद्रनाथांच्या ‘गोरा’ (१९१०) मध्ये याच रचनेचा उलट खेळ दिसतो : कडव्या हिंदुत्वाचा अभिमानी नायक जन्माने आयरिश असल्याचे उघड होते, आणि रक्ताचा आधार गळून पडताच तो मोकळा होतो.

३

आता कोकणाकडे वळू. बेने इस्रायल समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. ग्रंथ, वस्तू, सारे समुद्रात गेले. त्यांच्या वंशजांनी तेलाचे घाणे चालविले, शनिवारी ते बंद ठेवले, आणि लोकांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. किहीमचे ते किहीमकर, दिव्याचे ते दिवेकर, राजपुरीचे ते राजपूरकर, पेणचे ते पेणकर. सणांची नावेही मराठी झाली : नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा रोजा. हिब्रू भाषा उरली ती ‘शेमा’ या प्रार्थनेच्या शब्दांपुरती.

या समाजाच्या स्मृतीत दावीद राहबी नावाचा एक पुरुष आहे. त्याचा काळ कोणी हजार वर्षांमागे नेतात, कोणी अठराव्या शतकातील कोचीनच्या राहबी घराण्याशी त्याचा संबंध जोडतात. कथा अशी की, हा परदेशी ज्यू कोकणात आला आणि या लोकांचे आचार पाहून त्याच्या मनात शंका उत्पन्न झाली. ते शनिवार पाळीत होते, आठव्या दिवशी मुलाची सुंता करीत होते. खात्री करून घेण्यासाठी त्याने त्यांच्या स्त्रियांपुढे निरनिराळी मासळी ठेवली आणि ती रांधावयास सांगितले. त्यांनी पर आणि खवले असलेली मासळी तेवढी वेगळी काढली. बाकीची आम्ही खात नाही, असे सांगितले. राहबीची खात्री पटली. त्याने तीन घराण्यांतील पुरुषांना धर्मविधी शिकविले, आणि तेथून त्या समाजातील काझींची परंपरा सुरू झाली.

ही कथा ऐतिहासिक घटना म्हणून किती खरी, हा आपला येथील प्रश्न नाही. आत्मशोधाची कथा म्हणून ती कशी रचली गेली आहे, हे पाहावयाचे आहे. ‘डेरोंडा’च्या शेजारी ठेवताच या कथेची रचना उठून दिसते. डेरोंडाकडे आचार नाही, रक्त आहे. आणि ते सिद्ध करणारी कागदांची पेटी आहे. कोकणातल्या तेल्यांकडे पेटी नाही, ती समुद्रात बुडाली. पण आचार आहे. डेरोंडाची ओळख एका आजोबांच्या हस्ताक्षरात जपली गेली, आणि बेने इस्रायलांची ओळख चुलीपाशी. पहिल्या कथेत पुरुष पुरुषाला वारसा देतो आणि स्त्री तो वारसा अडविते. दुसऱ्या कथेत पुरुषांना शिकवावे लागते. स्त्रियांना जे ठाऊक असावयास हवे ते आधीच ठाऊक असते, केवळ त्याचे नाव त्यांना ठाऊक नसते.

आणखी एक साम्य आहे. कादंबरीत डेरोंडा स्वतःविषयी काही कळण्यापूर्वीच फ्रँकफुर्टच्या सिनेगॉगमध्ये जातो. तेथे एक वृद्ध त्याचा दंड धरून विचारतो, की तुझ्या आईचे माहेर कोणते, तिचे माहेरचे नाव काय? डेरोंडा चटकन हात सोडवून घेतो आणि आपण इंग्रज असल्याचे सांगतो. तो वृद्ध म्हणजे कालोनिमोस, हे पुढे कळते. राहबीप्रमाणे तोही बाहेरून आलेला परीक्षक आहे. त्याची कसोटी मात्र मासळीची नाही, आईच्या नावाची आहे. हा प्रश्न ध्यानात ठेवावा. तो पुढे कादंबरीबाहेर, आपल्याच माणसांना, पुन्हा विचारला गेला.

४

या दृष्टीने अल्कारिसीच्या प्रवेशाकडे पुन्हा पाहावयास हवे. लीव्हिस यांच्या मतानुसार ज्यू भाग कापला तर हाही प्रवेश कापला जाईल, आणि संपूर्ण कादंबरीत याहून जळजळीत पृष्ठे फार थोडी आहेत. अल्कारिसीच्या वडिलांना कन्या नको होती, नातू हवा होता. कन्या म्हणजे त्या नातवापर्यंत पोहोचण्याचा दुवा. स्त्रीने कसे असावे याचा साचा त्यांनी आधीच ठरवून ठेवला होता. पुरुषाच्या तोडीची प्रतिभा अंगी असून मुलगी म्हणून जखडले जाणे काय असते हे तुला कळणार नाही, या आशयाचे ती आपल्या पुत्रास सुनावते. तिने वारसा अडविला तो द्वेषाने नव्हे, स्वतःला वाचविण्यासाठी. मरणाच्या भीतीने ती शेवटी सत्य सांगते. पण त्याविषयी तिला पश्चात्ताप झाला आहे असे वाटत नाही.

ग्वेंडोलेनची कहाणी याच प्रश्नाची दुसरी बाजू आहे. दारिद्र्याच्या भयाने ती ग्रँडकोर्टशी विवाह करते आणि त्याच्या थंड क्रौर्यात अडकते. तिच्यासाठी कोठेही पेटी ठेवलेली नाही, कोणी द्रष्टा तिची वाट पाहत नाही. ग्रँडकोर्ट समुद्रात बुडाल्यावर ती डेरोंडाकडे आधारासाठी पाहते, आणि तो तिला आपल्या नव्या राष्ट्रकार्याची वार्ता सांगतो. जगाच्या विस्ताराची पहिली जाणीव तिला होते ती आपण त्या विस्तारात कोठेच नाही या रूपात. ही दोन शकले नव्हेत, एकाच प्रश्नाची दोन उत्तरे आहेत : ज्याला वंशवृक्ष आहे त्याचा आत्मशोध पूर्ण होतो, जिला तो नाही, किंवा जी त्यातील केवळ एक फांदी आहे, तिचा शोध अर्धा राहतो. कादंबरी हे जाणते. म्हणून ती दुभंगलेली भासते, आणि म्हणूनच ती दुभंगून चालणार नाही.

तरीही एके ठिकाणी एलियट माघार घेतात असे म्हणावे लागते. डेरोंडा ज्यू असल्याचे सिद्ध होण्यापूर्वीच हिब्रू शिकतो, मोर्देकायचे स्वप्न आपले मानू लागतो. येथपर्यंत कादंबरी एका धाडसी कल्पनेच्या उंबरठ्यावर उभी आहे : माणूस आचाराने, सहवासाने, निवडीने एखाद्या लोकसमूहाचा होऊ शकतो. पुढच्या पावलावर ती कचरते आणि रक्ताचा दाखला आणते. डेरोंडा जन्माने इंग्रजच निघाला असता, आणि तरीही त्याने हीच वाट धरली असती, तर? हा प्रश्न कादंबरी विचारू शकत होती. तिने विचारला नाही. माइन्झ येथील प्रवेशात मात्र एक फट उरते. पूर्वजांचा धर्म पाळशील काय, असे कालोनिमोस विचारतात तेव्हा डेरोंडा उत्तरतो, की मी स्वतःस ज्यू म्हणवीन, पण पूर्वजांची श्रद्धा जशीच्या तशी माझी असेल असे म्हणणार नाही. त्यांनीही आपली क्षितिजे बदललीच होती. रक्ताने मिळालेली ओळखही पुन्हा निवडावी लागते, एवढे एलियट यांनी येथे मान्य केले आहे.

५

एलियट यांचा हेतू उदार होता, याविषयी शंका नाही. हॅरिएट बीचर स्टो यांना ऑक्टोबर १८७६ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या देशबांधवांच्या उद्दामपणाविषयी खेद व्यक्त केला आहे. आणि तो उद्दामपणा केवळ ज्यूंविषयीचा नसून इंग्रजांचा ज्या ज्या पौर्वात्य लोकांशी संबंध येतो त्या सर्वांविषयीचा आहे, असे म्हटले आहे. वसाहतीतील वाचकाने हे वाक्य विसरू नये. पण कादंबरीतील ‘पूर्व’ ही केवळ एक दिशा आहे, तेथे कोणी राहत असल्याची खूण नाही. एडवर्ड सईद यांनी १९७९ मध्ये पॅलेस्टाइनच्या रहिवाशांच्या बाजूने हाच आक्षेप घेतला. आपणास त्यात आणखी एक भर घालता येईल : डेरोंडा ज्या पूर्वेकडे ज्यूंसाठी घर शोधावयास निघाला, त्याच पूर्वेच्या आणखी एका किनाऱ्यावर ज्यू शतकानुशतके घर करून राहिले होते.

त्यांचा आत्मशोध एकोणिसाव्या शतकात कोणत्या मार्गांनी चालला होता, हे पाहण्यासारखे आहे. मुंबईत १७९६ मध्ये दिवेकर यांनी पहिले सिनेगॉग उभारले. हिब्रू व्याकरण मराठीतून १८३२ मध्ये आले ते जॉन विल्सन या ख्रिस्ती मिशनऱ्याकडून. जुना करार मराठीत वाचावयास मिळाला तोही मिशनऱ्यांच्या खटपटीने. ज्यांना ख्रिस्ती करावयाचे त्यांना मिशनऱ्यांनी ज्यू होण्याची साधने पुरविली, आणि बेने इस्रायलांनी साधने घेतली, धर्मांतर बहुतांशी नाकारले. वल्हांडणाच्या विधीचा ‘हगादा’ हा ग्रंथ मराठी भाषांतरासह १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात छापला गेला. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी मुंबईत समाजासाठी शाळा काढली ती १८७५ मध्ये, म्हणजे ‘डेरोंडा’च्या आदल्या वर्षी. पुढे त्यांनी समाजाचा इतिहास लिहिला, जो त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. १८८० च्या सुमारास अब्राहाम, योसेफ यांची आख्याने मराठी कीर्तनाच्या घाटात, साक्या-दिंड्यांसह, रंगू लागली. स्वतःचा शोध घेताना या समाजाने मराठी टाकली नाही. मराठीतूनच तो शोध घेतला. डेरोंडास एक ओळख घेण्यासाठी दुसरीचा निरोप घ्यावा लागला. येथे तसे घडले नाही.

हे चित्र अधिक गोड करून सांगण्याचा मोह टाळला पाहिजे. याच समाजात ‘गोरे इस्रायल’ आणि ‘काळे इस्रायल’ असा भेद होता. ज्याच्या वंशात बाहेरचे, विशेषतः बाहेरच्या आईचे, रक्त मिसळले तो काळा. भोवतालच्या जातिव्यवस्थेचा वारा त्यांनाही लागलाच होता. आचाराने ओळख टिकविणाऱ्यांनी आपल्यातच रक्ताची कसोटी लावली.

आणि तीच कसोटी अखेर त्यांच्यावर उलटली. इस्रायलच्या स्थापनेनंतर हजारो बेने इस्रायल तेथे गेले. तेथील मुख्य रब्बींच्या कार्यालयाने १९६२ मध्ये विवाहनोंदणी करणाऱ्यांना आदेश दिला, की बेने इस्रायल वधूवरांच्या आईची, आजीची, शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. फ्रँकफुर्टमधील त्या वृद्धाचा प्रश्न असा सरकारी कागदावर आला : तुझ्या आईचे माहेर कोणते? ज्यांची पेटी नवगावच्या समुद्रात बुडाली त्यांच्याकडे पेटी मागण्यात आली. ज्या स्त्रियांनी मासळी निवडून आपली ओळख राखली, असे ही परंपरा सांगते, त्यांच्याच नावावर संशय घेतला गेला. समाजाने निदर्शने केली, उपोषणे केली. आणि ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने, बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत, असा निर्वाळा दिला. संसदेला असा ठराव करावा लागला, यातच त्या अपमानाचे मोजमाप आहे.

निस्सिम इझिकेल यांची ‘बॅकग्राउंड, कॅज्युअली’ ही आत्मचरित्रात्मक कविता ज्या संग्रहात आहे तो १९७६ मध्ये, ‘डेरोंडा’नंतर बरोबर शंभर वर्षांनी, प्रसिद्ध झाला. घाणा चालविणाऱ्या पूर्वजांची स्मृती तीत आहे. आणि कवीचा निर्णय डेरोंडाच्या उलट, आहे तेथेच राहण्याचा आहे. याच कवीने वृंदा नाबर यांच्यासह इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेल्या. दुसरीकडे, इस्रायलला गेलेल्यांनी तेथे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालविले. राहिलेला आणि गेलेला, दोघांच्याही ओळखीत दोन घरे आहेत. एलियट यांच्या कादंबरीत अशा माणसाला जागा नाही. तिचा शेवट गलबताच्या वाटेकडे तोंड करून होतो.

‘डॅनियल डेरोंडा’ ही थोर कादंबरी आहे, आणि तिचे थोरपण तिने दिलेल्या उत्तरात नसून तिने दुखविलेल्या व मागे ठेवलेल्या व्यक्तींत आहे : अल्कारिसीत, ग्वेंडोलेनमध्ये. आपल्या काळात नागरिकत्व, जात, जन्म यांचे दाखले मागणाऱ्यांची संख्या कमी झालेली नाही, आणि पेटी प्रत्येकाच्या घरी नसते. अशा वेळी राहबीची ती कथा, तिच्या साऱ्या अनिश्चिततेसह, एलियट यांच्या पेटीशेजारी ठेवून वाचावी. त्या स्त्रियांना कोणी वंशावळ विचारली नाही. त्यांच्यापुढे टोपली ठेवली आणि त्या काय निवडतात ते पाहिले.